एकवीस पूर्ण, रांगेबाहेर

अमेरिकेत शाळांना उन्हाळी सुट्टी लागली की सोळा-सतरा वर्षांची मुलं कामाला लागतात. कुणी आइसक्रीमच्या दुकानात, कुणी पोहण्याच्या तलावावर, कुणी सुपरमार्केटात सामान लावायला. डॉक्टरचा मुलगाही जातो, प्लंबरचाही जातो. पहिला पगार हातात पडणं हा तिथे वयात येण्याचाच एक भाग आहे. न्यू जर्सीतलं एडिसन, टेक्ससमधलं फ्रिस्को, नॉर्थ कॅरोलायनातलं केरी अशा मराठी घरांच्या गावांत मात्र काही मुलं त्या सुट्टीत घरीच असतात. फार तर ग्रंथालयात फुकट सेवा म्हणून पुस्तकं लावून देतात. आळस हे त्याचं कारण नव्हे. त्यांचा व्हिसा एच-४ असतो, आणि एच-४ वरच्या मुलाला पगारी काम करायला कायद्याने मनाई आहे. बिनपगारी इंटर्नशिपचं विचारलं तरी वकील आधी दहा प्रश्न विचारतात.

एच-१बी हा नोकरीचा व्हिसा. पुण्या-मुंबईतून गेलेला इंजिनिअर त्याच्यावर जातो. त्याच्या जोडीदाराला आणि २१ वर्षांच्या आतल्या अविवाहित मुलांना एच-४ मिळतो. राहा, शाळेत जा, कर भरणाऱ्या आईबापांबरोबर सुखाने नांदा. कमवायचं मात्र नाही. २६ मे २०१५ पासून एच-४ वरच्या काही जोडीदारांना कामाचा परवाना मिळू लागला. घरी बसलेल्या कित्येक इंजिनिअर, शिक्षिका, फार्मासिस्ट बायकांना त्याने हात दिला. मुलांना तो नाही. कामाचा परवाना नाही म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर नाही. केंद्र सरकारच्या शैक्षणिक मदतीसाठी फाफ्सा नावाचा अर्ज बारावीतली अख्खी अमेरिका भरते. त्या मदतीला ही मुलं पात्र नाहीत. बऱ्याच मेडिकल कॉलेजांची दारं ग्रीन कार्ड नसलेल्यांना बंद आहेत. गाडीचा परवाना मिळतो, पण सहसा व्हिसाच्या मुदतीपुरताच.

आईबापांना ग्रीन कार्ड मिळालं की हे सगळं एका दिवसात सुटतं. अडचण आहे ती रांगेची.

१९९० च्या कायद्याने नोकरीच्या आधारावर वर्षाला १,४०,००० ग्रीन कार्डं ठरवली. हा आकडा कामगारांचा नाही, माणसांचा आहे. बायको आणि मुलंही त्यातच मोजली जातात. शिवाय कुठल्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांपेक्षा जास्त वाटा द्यायचा नाही, असा नियम आहे. भारताला जेवढी मर्यादा, तेवढीच आइसलँडला. ही कार्डं श्रेणींत वाटलेली असतात आणि आपली बहुतेक माणसं दुसऱ्या किंवा तिसऱ्या श्रेणीत येतात. एका श्रेणीच्या वाट्याला वर्षाला जेमतेम चाळीस हजार कार्डं येतात. त्याचे सात टक्के म्हणजे सुमारे २,८००. घरात चार माणसं धरली तर सातशे घरं. अख्ख्या भारताची. इतर देशांनी न वापरलेली कार्डं कधीकधी भारताकडे वळतात, पण त्या पावसाचा भरवसा नाही.

हा नियम भारतीयांना अडवायला केलेला नव्हता. १९२१ पासून अमेरिकेत देशवार कोटे होते आणि त्यांचा कल उघड उघड उत्तर युरोपकडे होता. १९६५ मध्ये ते मोडून सगळ्या देशांना एकच मापदंड लावायचं ठरलं, आणि त्या काळी ते न्याय्यच होतं. त्यानंतर १९९० च्या दशकात वायटूकेची लाट आली. संगणकाचं काम येणारी माणसं हजारोंनी लागली आणि ती प्रामुख्याने एका देशातून आली. व्हिसा देताना देश पाहिला जात नाही, कार्ड देताना पाहिला जातो. या दोन नियमांच्या फटीत आपली माणसं अडकली. केटो इन्स्टिट्यूटचे अभ्यासक डेव्हिड बियर यांनी २०२३ मध्ये मांडलेल्या हिशेबाप्रमाणे नोकरीच्या ग्रीन कार्डाच्या रांगेत १८ लाख माणसं होती आणि त्यांतली ११ लाख भारतीय. नव्याने उभ्या राहणाऱ्या भारतीयासाठी रांगेची लांबी त्यांनी १३४ वर्षं काढली होती.

गंमत अशी की इथे देश म्हणजे पासपोर्ट नव्हे, जन्मस्थान. वडील मस्कतला नोकरीला होते म्हणून तिथे जन्मलेला रत्नागिरीकर ओमानच्या मोकळ्या रांगेत उभा राहतो, आणि त्याच्याच कंपनीतला पुण्यात जन्मलेला सहकारी भारताच्या रांगेत. नवरा-बायकोपैकी एकाचा जन्म असा बाहेरचा निघाला तर दोघांचंही काम होतं. आखाताने कोकणाला बरंच काही दिलं, त्यात हीही एक देणगी धरायला हरकत नाही.

रांगेतल्या जागेला 'प्रायॉरिटी डेट' म्हणतात. कंपनीने कामगार खात्याकडे तुमच्यासाठी अर्ज केला ती तारीख. दर महिन्याला परराष्ट्र खातं व्हिसा बुलेटिन काढतं आणि कुठल्या श्रेणीत कुठल्या तारखेपर्यंतच्या लोकांचा नंबर लागला ते जाहीर करतं. ते पत्रक निघालं की भारतीयांच्या व्हॉट्सॲप गटांत निकालाच्या दिवसासारखी गडबड उडते. डेट किती सरकली, की मागे गेली? हो, ती मागेही जाते.

समजा, २००४ च्या जूनमध्ये पुण्यात जन्मलेली एक मुलगी आहे. २०१३ मध्ये, नऊ वर्षांची असताना, ती आईबाबांबरोबर न्यू जर्सीला गेली. नवा माणूस टिकतो का हे पाहण्यात कंपनीने वर्ष-दीड वर्ष घालवलं आणि फेब्रुवारी २०१५ ची प्रायॉरिटी डेट मिळाली. वडिलांची श्रेणी दुसरी. ऑक्टोबर २०२० मध्ये तिसऱ्या श्रेणीत अर्ज भरायची तारीख एकदम १ जानेवारी २०१५ पर्यंत आली. कित्येकांनी त्या महिन्यात दुसऱ्या श्रेणीतून तिसरीत उतरून अर्ज टाकले. हे घर महिन्याभराने हुकलं. कोविडमुळे कुटुंबाच्या कोट्यातली कार्डं उरली, ती नोकरीच्या कोट्यात आली, आणि २०२२ च्या उन्हाळ्यात दुसऱ्या श्रेणीची तारीख १ डिसेंबर २०१४ पर्यंत पोहोचली. पुन्हा दोन-तीन महिन्यांनी हुकलं. आता पुढच्या महिन्यात आपलीच डेट, असं म्हणेपर्यंत ऑक्टोबर २०२२ चं पत्रक आलं आणि तारीख एप्रिल २०१२ वर गेली. २०२५ मध्ये ती २०१२-१३ च्या आसपासच घुटमळत होती. आणि २०२५ च्या जूनमध्ये मुलगी एकवीस वर्षांची झाली.

याला तिथे 'एज आउट' होणं म्हणतात. मूल म्हणून असलेला हक्क त्या दिवशी संपतो. आईबाबा रांगेत राहतात, मुलगी बाहेर. दहा वर्षं त्या रांगेत काढली म्हणून एक दिवसाचीही सूट नाही.

यावर उतारा म्हणून २००२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने एक कायदा केला. सरकारने अर्ज तपासायला जितके दिवस घेतले, तितके मुलाच्या वयातून वजा करायचे. कल्पना चांगली होती, पण वजा होतात ते फक्त एका टप्प्यावरचे, म्हणजे कंपनीने भरलेल्या आय-१४० या अर्जाच्या तपासणीचे दिवस. रांगेतली वर्षं वजा होत नाहीत. त्यात आणखी एक खोच आहे. जादा शुल्क भरून 'प्रीमियम' पद्धतीने आय-१४० पंधरा-वीस दिवसांत मंजूर करून घेतला, तर वजा करायलाही पंधरा-वीसच दिवस मिळतात. काम लवकर व्हावं म्हणून ज्या आईबापांनी खिशातून पैसे घातले, त्यांच्याच मुलांच्या पदरात कमी पडलं. वय मोजायला व्हिसा बुलेटिनमधलं कुठलं कोष्टक धरायचं हा नियमही फेब्रुवारी २०२३ मध्ये मुलांच्या बाजूने सैल झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा आवळला गेला.

एकविशीनंतरची वाट बहुतेक वेळा एफ-१ ची असते, म्हणजे विद्यार्थी व्हिसाची. लहानपणापासून तिथेच शिकलेली मुलगी कागदोपत्री परदेशी विद्यार्थिनी होते. कॉलेजची फी काही राज्यांत परदेशी दराने जाते. भारतात येऊन वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत शिक्का घ्यायचा, तर शिक्षण संपल्यावर मी माझ्या देशात परतणार आहे, हे अधिकाऱ्याला पटवून द्यावं लागतं. ज्या देशात तिचं घर आहे त्याच्या अधिकाऱ्याला, ज्या देशात तिचं घर नाही तिथे परतण्याबद्दल. उलट एक गोष्ट मात्र घडते. एफ-१ वर कॉलेजच्या आवारात आठवड्याला वीस तास काम करता येतं. पदवीनंतर वर्षभर, आणि विज्ञान-तंत्रज्ञानाची पदवी असेल तर आणखी दोन वर्षं, नोकरी करता येते. घरची म्हणून जे नाकारलं, ते परकी झाल्यावर मिळालं. त्यानंतर एच-१बीची सोडत. वर्षाला ६५,००० जागा, वर अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी २०,०००. ती लागली तरी ग्रीन कार्डाच्या रांगेत शेवटी, जन्म पुण्याचा म्हणून भारताच्याच रांगेत. मधेच भारतात परतून मग नोकरीवर जायचं म्हटलं, तर सप्टेंबर २०२५ पासून बाहेरून येणाऱ्या नव्या एच-१बी अर्जावर कंपनीला एक लाख डॉलर भरावे लागतील, असा हुकूम निघाला आहे.

बऱ्याच घरांत धाकटं भावंड तिथे जन्मलेलं असतं, म्हणजे जन्मापासून अमेरिकी नागरिक. (जानेवारी २०२५ मध्ये निघालेल्या आदेशाने तात्पुरत्या व्हिसावरच्यांच्या मुलांचा हा हक्कही काढायचं ठरवलं, न्यायालयांनी त्याच वर्षी तो रोखला.) धाकटा भाऊ सोळाव्या वर्षी दुकानात नोकरी करतो, ताई करू शकत नाही. तो एकविसाचा झाला की आईबाबांसाठी अर्ज करू शकतो आणि त्या अर्जाला वार्षिक मर्यादा नाही. ताईसाठीही करू शकतो, पण भावंडांची रांग वेगळी. २०२५ मध्ये त्या रांगेत भारतीयांचे २००६ सालचे अर्ज निघत होते. एकाच छपराखाली दोन प्रकारची मुलं वाढवणं काय असतं हे त्या आयांनाच विचारावं.

आणखी एक विसंगती तिथल्या मराठी घरांत फार बोलली जाते. जून २०१२ मध्ये ओबामांनी डाका योजना आणली. लहानपणी कागदपत्रांविना आणल्या गेलेल्या मुलांना हद्दपारीपासून अभय आणि कामाचा परवाना. अट अशी, की योजनेच्या घोषणेच्या दिवशी तुमच्याकडे कायदेशीर दर्जा नसावा. ज्यांच्याकडे होता ते बाद. 'आम्ही नियमाने आलो म्हणून आमची मुलं मागे' ही तक्रार यातून निघते आणि ती समजण्यासारखी आहे. पण त्या सुरात डाकाच्या मुलांवर दात खाणारे संदेश फिरतात, ते मला पटत नाहीत. त्यांचाही परवाना दर दोन वर्षांनी लटकलेला असतो, आणि त्यांचं अभय काढून घेतल्याने एच-४ वरच्या एकाही मुलाचं भलं होणार नाही.

या मुलांनी स्वतःला 'डॉक्युमेंटेड ड्रीमर्स' हे नाव दिलं. दीप पटेल या तरुणाने उभ्या केलेल्या 'इम्प्रूव्ह द ड्रीम' या संघटनेच्या अंदाजाने त्यांची संख्या अडीच लाखांवर आहे. नॉर्थ कॅरोलायनाच्या खासदार डेबोरा रॉस यांनी २०२१ मध्ये त्यांच्यासाठी विधेयक मांडलं. वय अर्ज केल्याच्या तारखेला गोठवा, सोळा वर्षांपुढच्यांना काम करू द्या, तिथेच वाढून पदवी घेतलेल्यांना कार्ड द्या, अशा त्यात मागण्या. दोन्ही पक्षांचे लोक पाठीशी होते. २०२२ मध्ये संरक्षण खर्चाच्या विधेयकाला जोडून ते प्रतिनिधिगृहात पार पडलं आणि अंतिम मसुद्यात गळलं. देशवार मर्यादा काढण्याचं विधेयक २०१९ मध्ये ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं होतं, २०२० मध्ये सिनेटनेही आपला मसुदा मंजूर केला. दोन मसुदे जुळले नाहीत. भिजत घोंगडं ते भिजतच राहिलं. विरोधाची कारणं अगदीच पोकळ नाहीत. कार्डांची एकूण संख्या न वाढवता मर्यादा काढली, तर भारतीयांची रांग आखडेल आणि इतर देशांच्या परिचारिका, डॉक्टर, संशोधक मागे पडतील. पण मुलांचं वय गोठवायला असा इतर देशांच्या कुणाचा घास काढावा लागत नाही. ते न होण्याला राजकारणाखेरीज कारण दिसत नाही.

काही घरं वाट न पाहता कॅनडात गेली. जुलै २०२३ मध्ये कॅनडाने अमेरिकेतल्या एच-१बीवाल्यांसाठी दहा हजार परवाने खुले केले, ते दोन दिवसांत संपले.

पगार, घरभाडं आणि आरोग्य विमा यांची चौकशी तिकडे निघालेलं प्रत्येक जोडपं करतं. हातात ऑफर असेल आणि घरात शाळकरी मूल असेल, तर आणखी तीन गोष्टी विचारा. कंपनी ग्रीन कार्डाचा अर्ज पहिल्याच वर्षी लावते का, आणि ते लेखी देते का? आय-१४० प्रीमियममध्ये टाकण्याआधी मुलाच्या वयाचा हिशेब वकिलाने करून दाखवला आहे का? नवरा-बायकोपैकी कुणाचा जन्म भारताबाहेरचा आहे का? मूल आठ-नऊ वर्षांचं किंवा मोठं असेल, तर आजच्या रांगेत त्याचं कार्ड एकविशीच्या आत येणार नाही, असं धरूनच कॉलेजच्या फीची तजवीज करा आणि दहावीच्या आत त्याला हे नीट सांगा. बऱ्याच मुलांना ते कॉलेजचे अर्ज भरताना, नागरिकत्वाच्या रकान्यापाशी कळतं.