डीएनए जुळला, पण नाते कोणते?

आम्ही दरवर्षी वर्गातील मुलांना घराण्याची वंशावळ काढायला सांगतो. निगडीत आपली बरीच कुटुंबे कारखान्याच्या नोकरीसाठी बाहेरून आलेली, कोणी कोकणातून तर कोणी मराठवाड्यातून. आजोबांपर्यंतची नावे मुले भराभर लिहितात. पणजोबांची चौकट मात्र बहुतेक वह्यांत कोरीच राहते.

ती चौकट भरण्याचा एक नवा मार्ग आता निघाला आहे. थुंकीचा नमुना कंपनीकडे पाठवायचा. तिच्याकडे आधी तपासणी केलेल्या लोकांपैकी कोणाचा डीएनए आपल्याशी जुळतो, हे ती कळवते. आमचे मामू इंग्लंडमध्ये राहतात. त्यांनी हौसेने ही तपासणी केली आणि आमच्या घराची झोप उडाली.

तिथल्याच एका अनोळखी गृहस्थांशी मामूंचा डीएनए सुमारे २५ टक्के जुळला. शेजारी शक्यता छापली होती: ‘सावत्र भाऊ किंवा काका-पुतण्या’. वयाने दोघे बरोबरीचे. म्हणजे नानांनी दुसरा निकाह केला होता की काय? अम्मीने दोन दिवस धड जेवण केले नाही. ज्या बापाच्या मगफिरतीची दुआ ती रोज करते, त्याच्यावरच संशय आला होता.

शेवटी रत्नागिरीच्या बड्या खालांना फोन लावला. त्या आधी गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “अगं, तुझ्या नानांचे थोरले भाऊ मोंबासाला गेले होते ना! त्यांची बायको म्हणजे तुझ्या नानीची सख्खी बहीण. जमिनीवरून भांडण झालं आणि घरात त्यांचं नाव काढायची बंदी झाली.”

कोडे सुटले. दोन भावांनी दोन बहिणींशी निकाह केला होता. त्यांची मुले एकमेकांची चुलतही लागतात आणि मावसही. साध्या चुलत किंवा मावस भावंडांत सरासरी साडेबारा टक्के डीएनए समान असतो. इथे नाते दोन्हीकडून, म्हणून दुप्पट. एकच पालक समान असलेल्या सावत्र भावंडांतही सरासरी तेवढाच. यंत्राने मोजले बरोबर, पण त्याच्यापुढे आपल्या घरची गोष्ट नव्हती.

खात्रीसाठी मामूंनी नानीच्या माहेरच्या एका भाच्याची, त्याच्या राजीखुशीने, तपासणी करून घेतली. ते गृहस्थ नानांच्या दुसऱ्या बायकोचे असते, तर नानीच्या माहेराशी त्यांचा संबंध दिसायला नको होता. तो स्पष्ट दिसला.

खानदानातच निकाह होत असतील तर असे घोटाळे वारंवार होतात. कोकणच्या किनाऱ्यावरील मराठी बोलणारा यहुदी समाज, बेने इस्राएल, याचे उदाहरण आहे. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांच्यातील १८ जणांचा डीएनए तपासला गेला. यहुदी आणि भारतीय असा दोन्ही वारसा त्यात भरपूर निघाला; ही सरमिसळ १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीची. पुढे लग्ने समाजातच होत राहिली. अशा समाजात दूरचा नातलगही तपासणीत जवळचा वाटू शकतो. आपल्याकडे चुलत-मामे भावंडांत पिढ्यान्‌पिढ्या निकाह झाले असतील, तर तिथेही हेच घडते.

म्हणून ही तपासणी संशय घेण्यासाठी वापरू नये. राबिता आलमे इस्लामीच्या मक्केतील फिकह परिषदेने २००२ मध्ये सांगितले आहे की, इस्पितळात अदलाबदल झालेल्या किंवा आपत्तीत हरवलेल्या मुलांची ओळख पटवायला ती चालते, पण प्रस्थापित नसब पडताळून पाहण्यासाठी ती करू नये. पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही फेब्रुवारी २०२३ मध्ये बजावले की, नवरा-बायकोच्या भांडणात मुलाची डीएनए चाचणी सर्रास करता येणार नाही.

शिवाय काही नाती या तपासणीत येतच नाहीत. कोणी कोणाच्या मुलाला दूध पाजले, हे थुंकीतून कळत नाही, आणि निकाह ठरवताना तर तेच आधी पाहावे लागते. ते फक्त घरातल्या बायकांना ठाऊक असते.

तेव्हा तपासणीवर पैसे खर्च करण्याआधी एक वही घ्या. घरातल्या सर्वांत वयस्क बाईजवळ बसा. कोणाचा निकाह कोणाशी झाला, कोण कुठे गेले, कोणाशी बोलणे तुटले, हे लिहून घ्या. जुने निकाहनामे आणि शाळा सोडल्याचे दाखले जपून ठेवा. मग डीएनए जुळला तर त्याचा अर्थ लागेल.

मामू आणि ते गृहस्थ आता दर ईदला भेटतात. बड्या खाला दोघांशी फोनवर बोलतात. त्या आता ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांना आणखी दहा वर्षांनी विचारू म्हटले असते, तर कदाचित सांगायला कोणीच उरले नसते.