लेझर, गाणी आणि आमची मांजर्ली

मांजर्लीत रात्री खराखुरा काळोख असायचा, तेव्हा लेझर शो बघायला लांबच्या सहलीला जावं लागायचं. बदलापूर पश्चिमेच्या या भागात इमारती तुरळक होत्या, उल्हास नदीच्या अंगाला भातखाचरं होती आणि भारनियमन तर रोजचंच. आता इथल्याच रस्त्यावर हळदीच्या रात्री हिरव्या-निळ्या किरणांचा पंखा भिंतीवरून फिरत थेट बाल्कनीत येतो. मधल्या वीसेक वर्षांत गाण्यावर नाचणारा हा प्रकाश जिथे जिथे पाहिला, ते सगळं अजून लख्ख आठवतं. मला तो मनापासून आवडतो, म्हणूनच त्याचं जे चाललंय त्यावर लिहावंसं वाटलं.

पहिला मोठा शो पाहिला तो हैदराबादेत, हुसेनसागरच्या काठी, लुंबिनी पार्कमध्ये. त्या जागेचं नाव आम्हाला आधी बातमीतूनच कळलं होतं. 25 ऑगस्ट 2007च्या शनिवारी संध्याकाळी तिथल्या उघड्या प्रेक्षागृहात लोक लेझर शोसाठी जमले असताना बॉम्ब फुटला. त्यात आपल्या संगमनेरच्या अमृतवाहिनी अभियांत्रिकी महाविद्यालयाचे सात विद्यार्थी गेले. अभ्यास सहलीला गेलेली ती पोरं. नंतर काही वर्षांनी आम्ही त्याच पायऱ्यांवर जाऊन बसलो तेव्हा शेजारचं कुणी मोठ्याने बोलत नव्हतं, निदान मला तसं वाटलं. मग दिवे गेले, पाण्याच्या बारीक तुषारांचा पडदा उभा राहिला, नगारा वाजला आणि त्या पडद्यावर हिरव्या रेघेने चारमिनार उमटत गेला: आधी कमानी, मग मिनार. पाण्याच्या पडद्यावरचं ते चित्र वाऱ्याच्या झुळकेबरोबर हलायचं. असलं काही मी आधी पाहिलं नव्हतं.

ती रेघ मुळात रेघ नसतेच. प्रकाशाचा एकच ठिपका असतो. दोन चिमुकले आरसे, एक आडवा हलणारा आणि एक उभा, त्या ठिपक्याला सेकंदात हजारो जागी फिरवतात आणि आपल्या डोळ्याला सलग आकृती दिसते. ही युक्ती लेझरच्याही कितीतरी आधीची. 1857च्या सुमारास झ्यूल लिसाजू या फ्रेंच शास्त्रज्ञाने स्वरकाट्यांना आरसे चिकटवून त्यांवरून प्रकाशाचा झोत परावर्तित केला. एक काटा आडवा कंप पावणारा, दुसरा उभा. दोन काट्यांत सा आणि तार सा यांचं नातं असलं, म्हणजे एकाला दोन, की भिंतीवर इंग्रजी आठासारखी आकृती उमटते. सा आणि प असले, दोनाला तीन, की तिचे पदर वाढतात. काटा थोडा बेसूर झाला की आकृती जागेवर ठरत नाही, हळूहळू कूस बदलत राहते. सूर लागला की नाही हे डोळ्यांनी बघायची सोय! मला विचाराल तर लेझर शोचं मूळ हेच. बाकी सगळा पुढचा विस्तार.

पहिला लेझर थिओडोर मेमनने मे 1960मध्ये चालवून दाखवला. आयव्हन ड्रायर या गृहस्थाने 19 नोव्हेंबर 1973 रोजी लॉस एंजलिसच्या ग्रिफिथ वेधशाळेच्या तारांगणात तिकीट लावून ‘लेझेरियम’ हा लेझर शो सुरू केला. तिथे शो चालवणारा माणूस गाणं ऐकत ऐकत हातांनी आकृत्या फिरवायचा, त्यामुळे कालचा प्रयोग आज तसाच होत नसे. बैठकीत तबलजी गायकाकडे बघून वाजवतो, त्यातलाच हा प्रकार. 2002पर्यंत तिथे हे चाललं. त्या काळचे वायूचे लेझर म्हणजे मोठं प्रकरण होतं. ताकदीच्या यंत्राला तीन फेजची वीज आणि थंड ठेवायला वाहतं पाणी लागायचं.

गांधीनगरच्या अक्षरधामला 2010मध्ये ‘सत्-चित्-आनंद’ हा जलप्रयोग सुरू झाला. गुजरातच्या सहलीत तोही पाहिला. कठोपनिषदातल्या नचिकेताची गोष्ट, त्यात पाणी, आग, लेझर आणि संगीत. यमाच्या दारी वाट बघणाऱ्या त्या पोराचा प्रसंग आला तेव्हा संगीत जवळजवळ थांबलं आणि प्रकाशही आवरला गेला. चांगला शो कुठे थांबायचं ते जाणतो, हे मी तिथे शिकलो.

मग लेझर स्वस्त झाला. डायोडवर चालणारी, एका हातात मावणारी यंत्रं बाजारात आली आणि हळदी, दहीहंडी, विसर्जन सगळीकडे पोचली. आमच्याकडच्या आगरी हळदीत पूर्वी बेंजो असायचा. मग डीजे आला, दिवे टांगायची ट्रस आली, स्मोक मशीन आली, शार्पी आल्या. (शार्पी म्हणजे लेझर नव्हे, तो दिव्याचाच झोत, पण लोक सगळ्यालाच लेझर म्हणतात.) धूर लागतोच, कारण स्वच्छ हवेत लेझरचा किरण बाजूने दिसत नाही. धुराच्या कणांवरून उजेड उडतो तेव्हा तो दिसतो. पहिल्या वर्षी आमच्या गल्लीत ते किरण पसरले तेव्हा आया कडेवरच्या पोरांना घेऊन खाली उतरल्या. मीही उतरलो आणि खूश झालो.

पण मिरवणुकीत किरण खाली आला, तिथे गणित बिघडलं. लेझरचा किरण फारसा पसरत नाही. डोळ्याचं भिंग त्याला दृष्टिपटलावर अगदी टाचणीच्या टोकाएवढ्या जागेत गोळा करतं. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, त्यामुळे भाजलं तरी माणूस नाचतच राहतो आणि सकाळी पेपर उघडल्यावर अक्षरांच्या मधोमध डाग दिसतो. 2023च्या गणेशोत्सवानंतर पुणे, कोल्हापूर, नाशिककडे असे तरुण रुग्ण नेत्रतज्ज्ञांकडे आले. 2024ला पुण्यात पोलिसांनी मिरवणुकीतल्या लेझरवर बंदी घातली. ती योग्यच होती. तरी माझं मन बंदीवर थांबत नाही. अमेरिकेत साधा दंडक आहे: प्रेक्षक उभे असतात त्या जमिनीपासून तीन मीटरच्या खाली किरण येऊ द्यायचा नाही. आपल्याकडे मंडळाच्या परवान्यात ही एक ओळ घालायला काय हरकत आहे?

बदलापुरातच एक मुलगा हे काम करतो. ट्रसवर यंत्र चढवलं की आधी तो काळी चिकटपट्टी लावून किरण बाहेर पडतो त्या झरोक्याचा खालचा भाग बंद करतो, मग लॅपटॉपवर मर्यादेची रेघ आखतो, आणि मंडपात सगळीकडे फिरून बघतो की किरण कुणाच्या डोळ्यांपर्यंत पोचत तर नाही. ‘दादा, अंगावर आलं पाहिजे, त्याशिवाय मजा नाय,’ असं गिऱ्हाईक म्हणतं. तो ऐकत नाही. लग्नसराईत त्याच्या सुपाऱ्या त्यापायी जातात. यंदाच्या हळदीला आमच्या इमारतीने त्यालाच बोलावलंय.