पानात शिरणारे नॅनोकण

हिवाळी सुट्टीत घरी गेलो तेव्हा बाबा पाठीवर पंप घेऊन गव्हावर नॅनो युरिया फवारत होते. त्यांनी विचारलं, "तू सायन्सवाला ना, मग सांग, हे पानात जातं कुठून?" मला सांगता आलं नाही. शाळेत परतल्यावर जीवशास्त्राच्या सरांचं डोकं खाल्लं.

एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. नॅनो युरियाचे कण २० ते ५० नॅनोमीटरचे, आणि पानावरचं रंध्र उघडलं की काही हजार नॅनोमीटरचं. परेड ग्राउंडच्या गेटातून क्रिकेटचा चेंडू जावा, तसंच. आत गेल्यावर नायट्रोजन मिळतो, तो हरितद्रव्याला लागतोच.

काही कण तर थेट प्रकाशसंश्लेषणातच हात घालतात. २०१४ साली अमेरिकेत एमआयटीच्या शास्त्रज्ञांनी पालकातून वेगळ्या काढलेल्या हरितलवकांत कार्बनच्या नॅनोनलिका सोडल्या. इलेक्ट्रॉनांचा प्रवाह सुमारे ४९ टक्के वाढला. दुसऱ्या एका रोपाच्या जिवंत पानांत सुमारे ३० टक्के. मी खूश झालो, तर सर म्हणाले, "इलेक्ट्रॉन वाढले म्हणजे साखर वाढली असं नाही."

उलटंही होतं. चांदीचे किंवा झिंक ऑक्साइडचे कण जास्त झाले की हरितद्रव्य घटतं. मोज्यांना वास येऊ नये म्हणून काही ठिकाणी चांदीचे नॅनोकण घालतात, ते धुताना सांडपाण्यात जातात. (रूट मार्चनंतरच्या आमच्या मोज्यांना त्याचाही उपयोग होणार नाही.)

रविवारी फोनवर हे सगळं बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "दोन वाफ्यांना साधाच युरिया दिलाय. कापणीला पोती मोजू."