अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे कल्याण : दया आणि हिशेब

कोंबडीच्या अंड्यास गरिबांच्या आहारात मानाचे स्थान प्राप्त झाले आहे. भिवंडीसारख्या कामगार वस्तीच्या शहरात तर अंडे हे स्वस्त आणि सकस अन्न म्हणून घरोघरी, खानावळीत व हातगाडीवर रोज लागते. धामणकर नाक्याच्या परिसरातील दुकानांतून ३०-३० अंड्यांचे ट्रे दिवसभर विकले जात असतात. यांपैकी पुष्कळशी अंडी दूरच्या मोठ्या कुक्कुटशाळांतून येतात. ज्या पक्ष्याने ती घातली तो कसा राहतो, हे घेणाऱ्यास दिसत नाही व विकणाराही सहसा सांगू शकत नाही. अंडी देणाऱ्या कोंबड्यांना बरी वागणूक मिळावी यासाठी जी चळवळ आज अनेक देशांत व आपल्याकडेही चालू आहे, तिचा उगम या न दिसण्यातच आहे. या चळवळीचे म्हणणे काय, आणि तालुक्यातील कुक्कुटपालकाने त्यातून काय घ्यावे, याचा विचार येथे केला आहे.

पिंजऱ्यातील कोंबडी

मोठ्या व्यवसायात कोंबड्या तारेच्या पिंजऱ्यांत ठेवण्याची पद्धत रूढ आहे. या पद्धतीत जागा थोडी लागते, विष्ठा खाली पडते, अंडी स्वच्छ राहतात आणि मजुरी वाचते. हे फायदे खरे आहेत व ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु अशा पिंजऱ्यात एका कोंबडीच्या वाट्यास साधारणतः ४५० चौ. सेंमी. किंवा त्याहूनही कमी जागा येते. कार्यालयात वापरला जाणारा ए-४ आकाराचा कागद सुमारे ६२४ चौ. सेंमी. भरतो, म्हणजे एका कागदाइतकीही जागा तिला मिळत नाही. पंख पुरते फडफडविण्यास तर याच्या दुपटीहून अधिक जागा लागते.

रानकोंबडी वर्षाकाठी जेमतेम १० ते १५ अंडी घालते. आजची सुधारलेली लेअर कोंबडी ३०० च्या आसपास घालते. प्रत्येक कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे वर्षाला ६०० ग्रॅम कॅल्शियम तिच्या शरीरातून बाहेर पडते. खाद्यातून ते पुरेसे मिळाले नाही तर हाडांतून घेतले जाते. त्यात हालचाल मुळीच नसेल तर हाडे ठिसूळ होतात, आणि विक्रीच्या वेळी पिंजऱ्यातून ओढून काढताना ती मोडतात. याशिवाय अंडे घालण्यापूर्वी आडोसा शोधणे, मातीत लोळून पिसे स्वच्छ करणे आणि रात्री उंच दांडीवर बसणे या तिच्या उपजत प्रवृत्ती आहेत. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढूनही त्या गेलेल्या नाहीत.

कायदा काय म्हणतो

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा आपल्या देशात १९६० साली झाला. हालचालीस वाजवी वाव राहणार नाही इतक्या अपुऱ्या उंची-लांबी-रुंदीच्या पिंजऱ्यात प्राणी कोंडणे हा त्याच्या ११ व्या कलमाने गुन्हा ठरविला आहे. भारतीय विधी आयोगाने जुलै २०१७ मध्ये आपला २६९ वा अहवाल खास अंडी व मांसासाठी पाळलेल्या कोंबड्यांच्या निवाऱ्यावर व वाहतुकीवर दिला. २०१९ साली केंद्र शासनाने नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात दर कोंबडीस किमान ५५० चौ. सेंमी. जागा सुचविली होती. युरोपीय संघाने जुन्या धर्तीचे पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद केले. तेथे प्रत्येक अंड्यावर पाळण्याची पद्धत दर्शविणारा आकडा छापलेला असतो.

पिंजरे ही अनेक वर्षांची गुंतवणूक आहे. म्हणून कर्ज काढून नवे पिंजरे बसवू पाहणाऱ्याने प्रथम लागू असलेले नियम पशुधन विकास अधिकाऱ्याकडून समजून घ्यावेत. कर्ज फिटण्यापूर्वीच पिंजरे निरुपयोगी ठरणे कोणासही परवडणार नाही.

गादी पद्धतीचा आराखडा

छोट्या शेतकऱ्यास गादी पद्धत अधिक सोयीची आहे. १०० कोंबड्यांचा हिशेब पुढीलप्रमाणे धरावा.

१. दर कोंबडीस २ चौ. फूट याप्रमाणे २० फूट × १० फूट मोकळी जागा.
२. जमिनीवर भाताच्या तुसाची ४ ते ६ इंच जाडीची गादी. पडघा, अंबाडी, वज्रेश्वरी या भातपट्ट्यात तूस सहज मिळते.
३. दर ५ कोंबड्यांस एक याप्रमाणे अंडी घालण्याच्या २० पेट्या, अंधाऱ्या बाजूस.
४. दर कोंबडीस १५ सेंमी. याप्रमाणे एकूण १५ मीटर लांबीच्या दांड्या.
५. रोज ११ ते १२ किलो लेअर खाद्य, शिंपल्यांचा चुरा व सतत स्वच्छ पाणी.

कोकणच्या पावसाळ्यात गादी ओली होणे हा मोठा धोका आहे. ओल्या गादीतून अमोनियाचा उग्र वास सुटतो, डोळे चुरचुरतात व रक्ती हगवणीचा फैलाव होतो. यासाठी छपराच्या पाख्या लांब ठेवाव्यात, गादी दर दोन-तीन दिवसांनी खालीवर करावी, ओला भाग काढून टाकावा व थोडा चुना मिसळावा. मोकळ्या कोंबड्या एकमेकींची पिसे उपटतात अशीही तक्रार असते. गर्दी, झगझगीत उजेड व अपुरे खाद्य ही त्याची मुख्य कारणे होत.

मोकळे ठेवणे म्हणजे बेफिकीर ठेवणे नव्हे. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे बर्ड फ्लू आढळला आणि परिसरातील हजारो पक्षी नष्ट करावे लागले. म्हणून शेडला जाळी असावी, रानपाखरे खाद्यपाण्यापर्यंत पोहोचू नयेत, बाहेरच्या माणसास आत सोडू नये आणि मानमोडीची लस वेळेवर टोचून घ्यावी. रोगाने तडफडणारी कोंबडी मोकळी असली तरी सुखी नसते.

दर व सचोटी

या पद्धतीत मजुरी व खाद्य अधिक लागते, म्हणून अंडे काहीसे महाग पडते. १०० कोंबड्यांपासून दिवसाला ७५ अंडी, म्हणजे अडीच ट्रे मिळतील असे धरून पिल्ले, खाद्य, तूस, औषधे व मजुरी यांचा खर्च वहीत मांडावा आणि मगच दर ठरवावा. हा दर गिऱ्हाइकाने आनंदाने द्यावा असे वाटत असेल, तर त्याचा विश्वास जपला पाहिजे. तपकिरी अंडे म्हणजे गावरान, असा समज बाजारात पसरलेला आहे. वस्तुतः कवचाचा रंग जातीवर अवलंबून असतो. पिंजऱ्यातील कोंबडीही तपकिरी अंडे घालते. रंगाच्या आधारे जादा दर घेणे ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे आणि खरोखरच कोंबड्या मोकळ्या ठेवणाऱ्या शेतकऱ्याचे नुकसान.

तेव्हा प्रचार करावयाचा तो मोजता येईल अशा गोष्टींचा करावा. महिला बचत गटांनी व शेतकऱ्यांनी आपल्या ट्रेवर गावाचे नाव, पाळण्याची पद्धत व दर कोंबडीस दिलेली जागा लिहावी आणि पाहू इच्छिणाऱ्यास शेड जाळीबाहेरून दाखवावी. नाक्यावरील दुकानदाराने अशी अंडी वेगळी मांडावीत. गिऱ्हाइकाने अंडे घेताना ‘कोंबडी कशी ठेवली आहे?’ एवढे विचारावे. हा प्रश्न रोज विचारला जाऊ लागला, तर त्याचे उत्तर देता येईल अशी शेड उभारणे शेतकऱ्यास फायद्याचे ठरेल, आणि कोंबडीलाही हालचालीपुरती जागा मिळेल.