टाकीतला मासा तळ्यात सोडताना

घर बदलायचं असतं, मुलांची हौस फिटलेली असते, नाहीतर मासाच टाकीत मावेनासा होतो. मग कुणी बघत नाही असं पाहून तो बागेतल्या तळ्यात किंवा जवळच्या ओढ्यात सोडला जातो. सोडणाऱ्याला वाटतं, चला, एक जीव वाचवला.

जगभरच्या तळ्यांत गोल्डफिश पसरला, त्यात या दयेचा वाटा मोठा आहे. चीनमध्ये हजारेक वर्षांपूर्वी करड्या-तपकिरी माशांत अधूनमधून निपजणारे सोनेरी मासे वेगळे काढून जोपासले गेले. आजचा गोल्डफिश त्यांचाच वंशज. काचेच्या भांड्यात त्याची वाढ खुंटते. मोकळ्या पाण्यात मात्र तो फोफावतो. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या व्हॅस नदीत संशोधकांना जवळपास दोन किलोचे गोल्डफिश सापडले आहेत. अमेरिकेत मिनेसोटातल्या बर्न्सव्हिल शहराने तर जुलै 2021 मध्ये जाहीर विनंतीच केली, की पाळलेले गोल्डफिश कृपया तळ्यात सोडू नका. हा मासा तळाचा गाळ उकरत खातो. पाणी गढूळ होतं, पाणवनस्पती उपटल्या जातात, गाळातलं फॉस्फरस वर येऊन शेवाळ माजतं.

त्याची खरी करामत शरीराच्या आत आहे. बर्फाखालच्या पाण्यातला ऑक्सिजन संपला, की बहुतेक मासे शरीरात साठणाऱ्या लॅक्टिक आम्लाने मरतात. गोल्डफिश त्या आम्लाचं अल्कोहोल करतो आणि ते कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. ओस्लो आणि लिव्हरपूलच्या शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये यामागची प्रथिनं शोधली. गोल्डफिशच्या भाऊबंदांपैकी क्रूशियन कार्पच्या रक्तात अशा वेळी 100 मिलिलिटरमागे 50 मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल आढळतं. आपल्याकडे वाहनचालकाला मुभा 30 मिलिग्रॅमपर्यंतच! हा मासा गाडी चालवत नाही, हे बरं.

पण दख्खनच्या उन्हाळ्यात बर्फावरची ही विद्या फारशी कामाची नाही. इकडे गोल्डफिशपेक्षा त्याच्या शेजारच्या टाकीतल्या माशाची धास्ती जास्त वाटते. ‘काच साफ करतो’ म्हणून दुकानात विकला जाणारा दक्षिण अमेरिकेतला सकर मासा भीमेवरच्या उजनी जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात येऊ लागला आहे. अंगावर हाडांचं चिलखत, परांवर काटे; जाळं फाटतं ते वेगळंच, बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. पाण्यातला प्राणवायू कमी झाला तर तो हवा गिळून पोटातून श्वास घेतो. काठाच्या मातीत बिळं करून अंडी घालतो, त्यामुळे काठ ढासळतात.

हीच भीमा पुढे कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यातून वाहत कृष्णेला मिळते. तिथल्याच बीदर जिल्ह्यातल्या चिंताकी-औरादकडचं पाणी मांजरा नदीतून तेलंगणात आणि पुढे गोदावरीला जातं. राज्यांच्या सीमा माशाला कुठून कळणार? बागेतल्या ओढ्यात सोडलेली एक जोडी पहिल्या पुरात नदीला लागू शकते, आणि एकदा नदीत रुळलेला परका मासा वेचून काढणं जवळपास अशक्य असतं.

तेव्हा मासा नकोसा झाला तर तो दुकानदाराला परत द्या, नाहीतर टाकी असलेल्या ओळखीच्या घरी द्या. मेलेला असेल तर मातीत पुरा. आणि सकर घेण्याआधी दुकानदाराला तो किती वाढतो, हे जरूर विचारा. उत्तर फूटभराहून जास्त आहे.