भेगांवरून प्रतबंदी

वैशाखात आमच्या मोहोळकडच्या रानातून चालताना नजर वर ठेवता येत नाही. पाय भेगेत गेला की घोटा मुरगळलाच म्हणून समजा. लहानपणी अशाच एका भेगेत मी हातातली निरगुडीची काठी सोडून पाहिली. दोन हात लांब काठी, वर चार बोटं उरली. बांधावरून चुलते ओरडले, "काढ ती! मृग लागला की काळी गिळून टाकंल." काठी अडकली ती निघाली नाही. आषाढात त्याच जागी गेलो, तर भेग नाही, काठी नाही, आणि एका पायातली चप्पल चिखलानं काढून घेतलेली.

या मातीला आपण काळी म्हणतो. गावठाण ती पांढरी, पिकाऊ रान ती काळी. तिचं नाव रंगावरून पडलं आणि गेली दोनशे वर्षं तिच्या वर्गीकरणाचा घोळही रंगावरूनच चालत आला. प्रत्यक्षात ही माती ओळखायची ती तिच्या वागण्यावरून. हे शास्त्राच्या पुस्तकात शिरायला विसाव्या शतकाचा मध्य उलटावा लागला.

आपल्याकडची पहिली पद्धतशीर वर्गवारी सारा बसवण्यासाठी झाली. १८३५ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी मोजणी सुरू केली. त्यातून जी प्रतबंदी उभी राहिली ती आजही विस्मयकारक वाटते. जमिनीचे तीन वर्ग: पहिला एकसारख्या बारीक पोताच्या काळ्या ते गडद तपकिरी मातीचा, दुसरा जरा भरड आणि बहुधा तांबूस, तिसरा मुरमाड. मग खोली. पहिल्या वर्गाची माती पावणेदोन हात खोल असली की ती सोळा आणे. खोली घटेल तशी प्रत उतरत नवव्या पायरीला दोन आण्यांवर. त्यावर दोष: चुनखडीचे खडे, वाळूची भेसळ, उतार, पाणी न मुरणं, पाणी साचून राहणं. शेताचे चौकोन पाडायचे, प्रत्येकात खणून पाहायचं, दोषांच्या खुणा करायच्या आणि प्रत उतरवायची. सातबाऱ्यावरचा आकार या कुळातला आहे. कारकुनी हेतूनं केलेलं हे काम मला पुष्कळ नंतरच्या शास्त्रीय नकाशांपेक्षा शेताच्या जवळचं वाटतं, कारण त्यात खोली आणि पाण्याची चाल मोजलेली होती.

शास्त्रज्ञांचं लक्ष मात्र रंगाकडे लागलं. तेलुगूतल्या रेगडीवरून इंग्रजांनी 'रेगूर' शब्द घेतला आणि तो भूगोलाच्या पुस्तकांत कायमचा बसला. १८८३ मध्ये मृदाशास्त्रज्ञ दोकुचायेव यांचा रशियन चेर्नोझेमवरचा ग्रंथ आला. गवताळ स्टेपची ती काळीभोर माती आणि आपली काळी या बहिणी असाव्यात, असं वाटणं साहजिक होतं. पण चेर्नोझेम काळी आहे ती शेकडो पिढ्यांच्या गवतमुळांच्या ह्यूमसमुळे. आपल्या काळीत सेंद्रिय कर्ब बहुतेक ठिकाणी एक टक्क्याच्याही खाली असतो. थोडासाच ह्यूमस चिकणमातीच्या कणांना घट्ट बिलगून बसतो आणि तेवढ्यावर ही इतकी काळी दिसते. रंग पाहून खताचा हात आखडता घेणारे शेतकरी मी पाहिले आहेत. पिकानं त्यांना लगेच समज दिली.

खरी गोष्ट कणांत आहे. दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, झिजून जी चिकणमाती होते तिच्यातलं मुख्य खनिज स्मेक्टाइट. एकावर एक रचलेले अतिपातळ पापुद्रे आणि त्यांच्या फटींत शिरणारं पाणी. पाणी शिरलं की पापुद्रे दूर सरकतात, माती फुगते. पाणी गेलं की मिटतात, माती आकसते. शुद्ध स्मेक्टाइटच्या एका ग्रॅममधले सगळे पापुद्रे पसरले तर पृष्ठभाग सातशे चौरस मीटरच्या घरात भरतो. चिमूटभर मातीत सात गुंठे! एवढ्या पृष्ठभागाला पाणी आणि पोषक क्षार चिकटून राहतात, म्हणून ही जमीन कसदार. आणि पाण्याला ती इतकी घट्ट धरून ठेवते की ओल दिसत असतानाही पीक सुकू लागतं.

नागपूरकडे एकदा दीड मीटर खोल खणलेल्या मृदा-खड्ड्यात उतरायची संधी मिळाली. वरचे चार बोटं माती मोकळी, ज्वारीच्या दाण्यासारखी रवाळ. त्याखाली ढेकळं मोठी होत गेली, आणि मीटरभराच्या आत, भिंतीत चाकू घालून एक ढेकूळ उचकटलं तर त्याची बाजू चक्क चकाकत होती. पाट्यावर वर्षानुवर्षं वाटण वाटून होते तशी गुळगुळीत आणि तिच्यावर तिरपे बारीक चरे. फुगलेल्या मातीला आजूबाजूला जागा मिळत नाही, मग एक ढेकूळ दुसऱ्यावर तिरकं घासत सरकतं, त्याच्या या खुणा. खाली चुनखडीचे खडे. ओला गोळा अंगठा आणि तर्जनीत दाबत पुढे सरकवला तर पट्टी बोटाएवढी लांब होऊनही तुटली नाही. हाताला कळलेली हीच गोष्ट प्रयोगशाळा आकड्यात सांगते: चिकणमाती पन्नास-साठ टक्के.

जगभर या मातीला किती नावं! मोरोक्कोत तिर्स, बाल्कनमध्ये स्मोनित्सा, सुदानात बादोब. १९५० च्या सुमारास ओक्स आणि थॉर्प या अमेरिकनांनी सगळ्यांना मिळून 'ग्रुमुसॉल' म्हणून पाहिलं. ते फार टिकलं नाही. १९६० च्या मसुद्यातून आणि पुढे १९७५ च्या अमेरिकी मृदा वर्गीकरणातून रूढ झालं ते 'व्हर्टिसॉल'. लॅटिन 'व्हर्टेरे' म्हणजे उलटणं, पालटणं. व्याख्येत रंगाला जागाच नाही. वरच्या अर्ध्या मीटरभर प्रत्येक थरात किमान तीस टक्के चिकणमाती, ठरावीक काळानं उघडणाऱ्या-मिटणाऱ्या भेगा, आणि मीटरभराच्या आत ती चकाकती घसट किंवा पाचरीसारखी ढेकळं असलेला पंचवीस सेंटिमीटरचा थर. गवताळ प्रदेशांच्या सुपीक मातीसाठी 'मॉलिसॉल' हा वेगळा गण आहे. पण वर्गीकरणाची किल्ली क्रमानं वाचायची असते आणि तीत व्हर्टिसॉल आधी येतो. म्हणजे वरचा थर कितीही काळा, मऊ, गवतमुळांनी समृद्ध असला, तरी खाली भेगा आणि घसट सापडली की मॉलिसॉलचा दावा गेला.

टेक्सासची 'ह्यूस्टन ब्लॅक' ही त्याची उत्तम साक्ष. १९०२ मध्ये ह्यूस्टन हे नाव मृदा-सर्वेक्षणात आलं. तिच्यावर ब्लॅकलँड प्रेअरी उभी होती: पुरुषभर उंचीची ब्लूस्टेम गवतं. कापसानं ती नांगरून काढली आणि आज मूळ कुरणाचा एक टक्काही उरलेला नाही. उरल्या त्या तुकड्यांत जमीन उंच-सखल लाटांसारखी दिसते. तिथले लोक तिला डुकरांच्या लोळणी म्हणत, शास्त्र 'गिलगाय' म्हणतं, जो मूळ ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचा छोट्या डबक्यासाठीचा शब्द. आपल्या रानांत नांगर-कुळवानं ही लाट केव्हाच सपाट केली.

अशा जमिनीत झाडापेक्षा गवताचं फावतं, कारण भेग उघडली की जाड मुळं ताणून तुटतात. बाभूळ तेवढी चिवटपणे बांध धरून राहते. आमच्याकडे कुरण गेलं, पण गवत पुरतं गेलं नाही. कुंदा हे काळीचंच गवत, हातभर खोल कांड्या रोवून बसलेलं. तो काढायला लाकडी नांगराला चार-चार बैलजोड्या जुंपत. १९०३ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला, तर लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी त्याला शिवेनात. कुंद्यानंच अखेर त्यांचं मन वळवलं असावं, असा माझा आपला कयास.

'व्हर्टिसॉल' या नावातही एक गंमत आहे. वरची माती भेगांत पडते, खालची फुगून वर येते, असा सगळा थर उलटत राहतो, या कल्पनेवर ते बेतलेलं. पण खोलवरच्या कर्बाचं वय मोजलं तर ते खाली खाली वाढत जातं. माती खरंच घुसळली जात असती तर ते सगळीकडे सारखं निघालं असतं. म्हणजे माझी काठी गिळली गेली हे खरं, पण ती पुन्हा वर यायची शक्यता नाही.

भारतात काळी आणि तिच्या सोबतीच्या जमिनी मिळून सुमारे सात कोटी हेक्टर, त्यातला मोठा वाटा महाराष्ट्राचा. नागपूरला राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था आहे. तिच्या नोंदींत नागपूर जिल्ह्यातली 'लिंगा' माती 'टिपिक हॅप्लस्टर्ट' म्हणून येते. नाव अवजड आहे, पण फोडून पाहिलं तर 'अर्ट' म्हणजे व्हर्टिसॉल, 'अस्ट' म्हणजे वर्षातले निदान नव्वद दिवस भेगा उघड्या ठेवणारं हवामान. चुलत्यांनी हेच 'मृग लागला की' एवढ्यात सांगितलं होतं.

परकी मापं मात्र सगळीकडे लागू पडत नाहीत. अकोला, अमरावती, बुलढाण्यातला पूर्णेचा खारपाणपट्टा घ्या. मातीच्या विनिमयक्षम क्षारांत सोडियम पंधरा टक्क्यांवर गेला की ती चोपण, असा अमेरिकी दंडक. इथे त्याच्या निम्म्याहून कमी सोडियमलाच पाणी मुरायचं थांबतं. म्हणून वर्गवारीत सोडियमची मर्यादा खाली आणावी, असं आपल्याच संशोधकांनी मांडलं. पाणी न मुरणं हा विंगेटच्या यादीतला दोष दीडशे वर्षांनी फिरून आला तो असा.

ही माती कसायची तर वेळ साधावी लागते. कोरडी असताना दगड, ओली असताना राळ. म्हणून सोलापूरकडे पावसाळाभर रान मोकळं ठेवून मुरलेल्या ओलीवर रब्बीची मालदांडी ज्वारी घेत. १९७२ मध्ये हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय शेती-संशोधन संस्था सुरू झाली, तिथे याच पडीक खरिपावर काम झालं: दीड मीटर रुंदीचे वरंबे-सऱ्या, जादा पाणी सरीतून बाहेर, पाऊस पडायच्या आधी कोरड्यात पेरा. सोयाबीनवाले आज ज्याला बीबीएफ म्हणतात ते हेच. मात्र वरंबा असो की सपाट रान, आत शिरायचं केव्हा हा प्रश्न राहतोच, आणि त्याला मराठीत 'वापसा' हा इतका नेमका शब्द आहे की तो भाषांतरात सापडत नाही.

मागच्या सप्टेंबरात पाऊस उघडून चार दिवस झाले होते. वर पापडी धरलेली, मला वाटलं आता तिफण घालायला हरकत नाही. ऐंशीला टेकलेले चुलते रानात उतरले, टाचेनं पापडी फोडून आतली मूठभर माती घेतली, गोळा दाबला आणि कमरेच्या उंचीवरून सोडला. गोळा फुटला नाही, पेढ्यासारखा चपटा झाला. "अजून दोन रोज," म्हणून ते धोतराला हात पुसत परत फिरले.