पहिले पान शेजाऱ्याला



भोरहून वरंध घाटाकडे जाताना हिर्डोशी लागते. हा भातखाचरांचा मुलूख म्हणजे जुने हिरडस मावळ. येथले देशमुख बांदल, तर शेजारच्या रोहिडखोऱ्यात कारीचे जेधे. दोघांत वतनावरून हाडवैर. तलवारी निघत, माणसे पडत.

बांदल तर शिवाजी महाराजांशीही लढले होते. त्यांच्या पदरी दिवाण होते बाजीप्रभू देशपांडे. पुढे महाराजांनी याच बांदलांना आणि बाजींना जवळ केले. १६५९ साली अफजलखान चालून आला, तेव्हा कान्होजी जेधे वतनावर पाणी सोडून पाच मुलांसह महाराजांकडे आले. कालचे वैरी एकाच झेंड्याखाली उभे राहिले.

जुलै १६६०. पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा. भर पावसात रात्री महाराज विशाळगडाकडे निघाले. घोडखिंडीत बाजीप्रभू आणि बांदलांच्या मावळ्यांनी शत्रूला अडवून धरले. बाजी पडले, कितीतरी मावळे पडले. पण महाराज गडावर पोहोचले.

खरी गोष्ट पुढेच आहे. दरबारात तलवारीचे पहिले पान जेध्यांचे होते. महाराजांनी जेध्यांची समजूत घातली आणि तो मान बांदलांना दिला. जेध्यांच्या करिन्यात हे नोंदले आहे. ज्या घराशी पिढीजात वैर, त्याच्यासाठी आपला मान सोडायचा! खिंडीत जीव देणे अवघड, तसे दरबारात मागे सरकणेही सोपे नाही.

भातपिकाच्या कामानिमित्त मी बरीच वर्षे अशा खोऱ्यांतून हिंडलो. एका गावी दोन चुलतभावांच्या सामाईक बांधाला खांड पडले होते. एकाच्या खाचरात पाणी ठरेना, दुसऱ्याच्या रोपांवर गाळ बसला. नुकसान दोघांचे. पण मातीची पहिली पाटी कोणी टाकायची, यावर तीन पावसाळे गेले! मी बियाणे सांगितले, खत सांगितले. पण वरची माती वाहून गेल्यावर खत काय करणार?

बंधूंनो, बांधाचे खांड बुजवायला तासभर पुरतो. मनातले बुजवायला कोणीतरी आधी वाकावे लागते. वाकणारा लहान होत नाही. तसे असते तर आज साडेतीनशेहून अधिक वर्षांनी आपण जेध्यांचे नाव आदराने घेतले नसते.

यंदा आवणीपूर्वी बांधावर जा. शेजाऱ्याला हाक मारा. पहिली पाटी तुमची असू द्या.